चारचौघांत दिलेला शब्द

शेअर सकाळी घ्यावा, दुपारी विकून मोकळं व्हावं. कारखान्याचं तसं नाही. पाया भरला, यंत्रं बोल्टांनी जमिनीला आवळली, की मालक अडकला. उद्या सरकारनं आयात कर दुप्पट केला किंवा ‘सुटे भाग इथलेच वापरा’ असा हुकूम काढला, तर कारखाना काही काखोटीला मारून नेता येत नाही. म्हणून परदेशी कंपनी पैसा ओतण्याआधी विचारते: इथला शब्द टिकतो का?

साखरपुडा आपण चारचौघांत करतो, कारण पाहुण्यारावळ्यांदेखत दिलेला शब्द फिरवणं जड जातं. देशही अगदी हेच करतात!

व्हिएतनामचं पाहा. १९९५मध्ये त्यानं जागतिक व्यापार संघटनेकडे अर्ज केला. पुढे जवळजवळ बारा वर्षं घासाघीस चालली. कुठल्या मालावर जास्तीत जास्त किती आयात कर लावू, हे एकेका मालागणिक लिहून द्यावं लागलं. स्थानिक सुट्या भागांची सक्ती सोडावी लागली. १ एप्रिल २००७पासून पूर्ण परकीय मालकीच्या बँकेला परवानगी देऊ, अशी तारीखवार वचनंही त्यात होती. वचन मोडलं, तर कोणतंही सदस्य सरकार तंटा निवारणासाठी दाद मागू शकतं आणि निकाल न पाळल्यास व्हिएतनामी मालावर वाढीव कर बसू शकतो.

७ नोव्हेंबर २००६ रोजी संघटनेनं होकार दिला. ११ जानेवारी २००७ रोजी व्हिएतनाम १५०वा सदस्य झाला. २००६मध्ये तिथे सुमारे २.४ अब्ज डॉलरची थेट परकीय गुंतवणूक आली होती. २००८मध्ये ती साडेनऊ अब्जांवर गेली.

सगळं श्रेय सदस्यत्वाचं नव्हे. स्वस्त मजुरी, तरुण मनुष्यबळ, लांबलचक किनारा आणि १९८६पासूनच्या आर्थिक सुधारणाही होत्याच. पण या गुणांवर विसंबून वीस-वीस वर्षांचा बेत आखायचा, तर नियम जागचे हलणार नाहीत, ही खात्री लागते. मला थक्क करतं ते हेच: स्वतःच्या मर्जीनं कर वाढवण्याची मुभा देशानं सोडली आणि त्या सोडण्यालाच किंमत आली.

इंटेलनं हो ची मिन्ह शहरातल्या आपल्या चिप कारखान्याची गुंतवणूक एक अब्ज डॉलरपर्यंत वाढवल्याचं जाहीर केलं, तेही २००६च्या त्याच नोव्हेंबरात. कारखाना उघडला २०१०मध्ये. तिथल्या यंत्रांचे बोल्ट आवळले जाण्याआधी सरकारनं स्वतःचे हात बांधून घेतले होते.