परदेशी गेलेल्या मालाचे पैसे बुडाले तर?



गटसभेत साखर निर्यातीचा विषय निघाला, तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला : "साखर बोटीत चढली, तिकडं उतरली आन् घेणाऱ्यानं हात वर केले, तर आमच्या उसाचं बिल कोण देणार?" प्रश्न रास्त होता आणि उत्तर मात्र घाईत दिले गेले. म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत.

आपल्यापैकी पुष्कळजण सांगलीला हळद घालतात. तेथे खरेदीदार कोण, कुठला, हे आपण पाहत नाही. पट्टी अडत्याकडून घ्यायची आणि घरी यायचे. खरेदीदाराने पैसे थकवले तर तो अडत्याच्या डोक्याचा ताप. त्याचीच तो अडत घेतो. परदेशी व्यापारात असा अडत्या नसतो. माल पोचतो, पैसे तीन-चार महिन्यांनी येतात, आणि वसुलीला काही एस.टी.ने जाता येत नाही.

धोके दोन प्रकारचे

पहिला धोका खरेदीदाराचा. त्याचे दिवाळे निघते, किंवा तो नुसताच पैसे देत नाही. दुसरा धोका देशाचा. युद्ध होते, आयातबंदी येते किंवा तिजोरीतले परकीय चलन संपते. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंका सरकारने परदेशी कर्जफेड थांबवली. तेथील व्यापाऱ्याच्या खिशात त्याचे रुपये होते, पण बँकेत डॉलर नव्हते. माणूस प्रामाणिक असूनही पैसे अडकतात ते असे. एवढा मोठा धोका खाजगी विमावाला एकटा सहसा घेत नाही, म्हणून सरकार मध्ये पडते. इंग्लंडने यासाठी १९१९ सालीच सरकारी खाते उघडले.

आपल्याकडची व्यवस्था

भारत सरकारने ३० जुलै १९५७ रोजी मुंबईत निर्यात जोखीम विमा महामंडळ स्थापन केले. तेच आजचे ई.सी.जी.सी. निर्यातदार त्यांच्याकडे पॉलिसी घेतो, प्रत्येक खरेदीदाराची पतमर्यादा मंजूर करून घेतो आणि हप्ता भरतो. पैसे बुडाले तर साधारणपणे रुपयातले ८० ते ९० पैसे भरून मिळतात. उरलेला तोटा निर्यातदाराने सोसायचा. हे मुद्दाम ठेवलेले आहे. सगळेच भरून मिळू लागले, तर गिऱ्हाईक पारखून कोण घेईल?

हेच महामंडळ बँकांनाही हमी देते. माल पाठवण्यापूर्वी आणि पाठवल्यानंतर बँक निर्यातदाराला कर्ज देते, ते बुडाले तर बँकेचा बराचसा तोटा भरून निघतो. त्यामुळे लहान निर्यातदारालाही बँक दारात उभी करते.

पण हा विमा म्हणजे सर्व रोगांवरचा काढा नव्हे. मालाच्या प्रतीवरून वाद झाला तर खरेदीदाराच्या देशातील कोर्टातून निकाल आणल्याशिवाय सहसा भरपाई मिळत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या औषधाच्या अंशावरून भारतीय द्राक्षे युरोपात अडवली गेली, हे तासगाव भागातील बागायतदार विसरलेले नाहीत. भाव पडला, डॉलर उतरला, तर तेही निर्यातदाराच्याच अंगावर.

दुसरी वाट : गिऱ्हाइकालाच कर्ज

याचे उदाहरण औंध संस्थानच्या मातीतलेच आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपये कर्ज दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. उद्योग उभा राहण्यासाठी राज्यकर्त्याने जोखीम घेतली, ती आपल्याच मुलखात.

पुढे १९८१ च्या कायद्याने एक्झिम बँक निघाली व १९८२ साली तिचे काम सुरू झाले. चालू शतकाच्या पहिल्या दशकात या बँकेने आफ्रिकेतील सेनेगल देशाला २ कोटी ७० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. भातशेतीच्या पाण्यासाठी पंप किर्लोस्कर ब्रदर्सने पुरवले. अशा व्यवहारात माल रवाना झाला की निर्यातदाराला पैसे येथेच बँकेकडून मिळतात, आणि परदेशी सरकार ते कर्ज वर्षानुवर्षे फेडत राहते. थकले तर जोखीम बँकेची व तिच्या पाठीशी असलेल्या भारत सरकारची. म्हणजे शेवटी तुमच्या-आमच्या करांची.

अनुदान वेगळे, विमा वेगळा

२०१९-२० च्या हंगामात केंद्राने ६० लाख टन साखर निर्यातीसाठी टनामागे १०,४४८ रुपयांपर्यंत मदत दिली. ते अनुदान होते, विमा नव्हे. अशा मदतीविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये तेथील पंचमंडळाने भारताविरुद्ध निर्णय दिला. भारताने त्यावर अपील केले. विम्यावर असा आक्षेप येऊ नये, तर हप्त्यांतून दीर्घकाळात नुकसान भरून निघाले पाहिजे, असा त्या संघटनेचा दंडक आहे. आणि १ जून २०२२ पासून साखर निर्यातीवर सरकारने निर्बंध घातले, तेव्हा कळले की परवानगीच नसेल तर विमा घेऊन करायचे काय!

मग बिल कोण देणार?

कायद्याचे उत्तर सरळ आहे : कारखाना. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफ.आर.पी. द्यावयाची असते. साखरेचे पैसे आले नाहीत, ही सबब तेथे चालत नाही. पण कारखाना म्हणजे कोण? आपणच. बुडालेली रक्कम दुसऱ्या हप्त्यातून, ठेवीतून, भागाच्या किमतीतून आपल्याकडेच परत येते.

साखर कारखाने बहुधा निर्यातदार व्यापाऱ्याला साखर विकतात. तेव्हा पॉलिसी असते व्यापाऱ्याची, आणि ती त्यालाच तारते. आपले संरक्षण एकच : माल गोडावूनबाहेर पडण्याआधी पैसे जमा. कारखान्याने स्वतः निर्यात केली, तर मात्र पॉलिसी, मंजूर पतमर्यादा आणि बँकेचे पतपत्र, तिन्ही तपासले पाहिजेत.

तरी सभासदांनी वार्षिक सभेत केवळ "भाव किती मिळाला?" एवढेच न विचारता, "पैसे कधी आले, आणि न आल्यास जबाबदार कोण?" हेही विचारावे. असा प्रश्न विचारणारा सभासद हाच कारखान्याचा पहिला विमा होय.