हार्ड डिस्क बदलली आणि लॅपटॉप सुरूच होईना? आधी हे बघा

जुना लॅपटॉप रडतखडत चालतो म्हणून बरेच जण हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतात. निर्णय चांगलाच आहे. पण कधी कधी डिस्क बदलल्यावर लॅपटॉप सुरूच होत नाही. मुलीच्या स्कॉलरशिप फॉर्मची शेवटची तारीख तोंडावर असते आणि कुणीतरी सांगतं, "मदरबोर्ड गेला." लगेच पैसे मोजू नका.

आधी एवढंच बघा, स्क्रीनवर काही दिसतं का? कंपनीचं नाव येऊन नंतर 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' असं येत असेल, तर मदरबोर्ड बहुतेक ठणठणीत आहे. नवी डिस्क म्हणजे कोरी वही. विंडोज जुन्या डिस्कवर होतं, ते तिच्यासोबतच निघालं.

लॅपटॉप चालू करताना एफ२ (एचपी असेल तर एफ१०) दाबून बायोसमध्ये जा. तिथे नवी डिस्क दिसत असेल तर काम सोपं आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून किमान ८ जीबीचा विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवा (त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं, लक्षात ठेवा) आणि त्यावरून विंडोज टाका. की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचं लायसन्स सहसा मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्कशी नाही. तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट लागल्यावर ते आपोआप चालू होतं. त्यामुळे लायसन्सचे वेगळे पैसे कुणी मागितले तर कशाचे, ते विचारा.

डिस्क दिसतच नसेल तर ती नीट बसलेली नाही, किंवा चुकीच्या प्रकारची आहे. एम.२ डिस्क साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जातींच्या मिळतात. काही लॅपटॉपच्या खाचेत दोन्ही बसतात, चालते मात्र एकच. अशी डिस्क बदलून घ्यावी लागते.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून घेतली असेल तर बायोसमधला बूट मोड तपासा. जुनं विंडोज 'लेगसी'त टाकलेलं आणि सेटिंग 'यूईएफआय'वर, असं असेल तर लॅपटॉप अडून बसतो.

स्क्रीन काळीच राहिली तर गोष्ट वेगळी. चार्जर काढा, बॅटरी सुटत असेल तर तीही काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा जोडून बघा. तरीही नाही झालं तर डिस्क बदलताना रॅम किंवा बॅटरीची वायर ढिली झाली असण्याची शक्यता मोठी आहे. हे काम दुकानातच, पण आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या.

आणि जुनी डिस्क दुकानात सोडू नका. निकाहचे फोटो, मार्कशीट, अब्बांनी स्कॅन करून ठेवलेले जमिनीचे कागद, सगळं तिच्यावरच आहे. यूएसबी केसिंगमध्ये घालून ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. तिने बिटलॉकरची ४८ अंकी की मागितली तर घाबरू नका. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर होता, त्या खात्यात ती बहुतेक वेळा सापडते. ते खातं घरात कुणाच्या ईमेलवर आहे, एवढं आजच विचारून ठेवा.