दोन वर्षांचा हट्ट

सकाळची पावणेआठची वेळ. आम्हा दोघांनाही कामावर जायची घाई. सव्वादोन वर्षांची आमची धाकटी मुलगी दारात फतकल मारून सँडलचा पट्टा लावत बसली होती. पट्टा कडीतून ओवायचा, मागे ओढायचा आणि दाबून चिकटवायचा. तिच्या बोटांना ते जमत नव्हतं. पाच मिनिटं वाट पाहून आमच्यापैकी एकानं पटकन वाकून पट्टा लावून टाकला.

झालं! "मी कलनाल!" अशी किंकाळी फुटली. आम्ही पट्टा लगेच सोडून दिला, "घे, लाव तू," म्हणालो. पण आता त्याचा उपयोग नव्हता. ती जमिनीवर आडवी झाली, पाय आपटू लागली. हातातली सँडल भिंतीवर जाऊन आदळली. आतून आजी म्हणाल्या, "फार लाडावून ठेवलीय तुम्ही तिला." शेवटी आमच्यापैकी एकाचा हात सुटला आणि पाठीत धपाटा बसला. क्षणभर ती गप्प झाली. मग हुंदके देत, जिनं-ज्यानं मारलं त्याच माणसाच्या गळ्यात येऊन पडली.

त्याच संध्याकाळी तिनं पट्टा स्वतः लावला. उलट्या पायात, पण लावला. आणि घरभर "बघ! बघ!" करत प्रत्येकाला दाखवून आली.

एकाच दिवसातले हे दोन प्रसंग. सकाळचा प्रसंग आपण 'हट्ट' या खात्यात टाकतो, संध्याकाळचा 'कौतुक' या खात्यात. पण ती दोन्ही कामं करणारं मूल एकच आहे. मग या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल का? आम्ही दोघंही संशोधन करणारे. तेव्हा त्या धपाट्याची बोचणी कमी करण्यासाठी का होईना, आम्ही या प्रश्नाचा जरा अभ्यास केला. शिक्षकांपाशी पालक हा प्रश्न हमखास घेऊन येतात, म्हणून तो इथे मांडतो आहोत.

डार्विनची वही

मुलांच्या रागाकडे शास्त्रज्ञाच्या नजरेनं पाहणाऱ्यांत चार्ल्स डार्विनचं नाव फार आधी येतं. त्याचा थोरला मुलगा विल्यम १८३९ साली जन्मला. डार्विन त्याच्या वागण्याच्या नोंदी ठेवत असे. त्यांवर आधारलेला लेख त्यानं १८७७ साली 'माइंड' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. वर्षाचं झाल्यावर या मुलानं खाण्यासाठी 'मम' असा शब्द स्वतःच तयार केला, ही नोंद त्यात आहे. तसंच सव्वादोन वर्षांचा असताना, मनाविरुद्ध वागणाऱ्या कुणावरही पुस्तकं आणि काठ्या फेकण्यात तो पटाईत झाला, हीही नोंद आहे. दोन्ही गोष्टी डार्विननं सारख्याच शांतपणे लिहिल्या आहेत.

फेकाफेकीची ही सवय त्याला आपल्या मुलींत दिसली नाही. त्यावरून ती मुलग्यांमध्ये उपजत असावी, असा तर्क त्यानं केला. आमच्या मुलीची भिंतीवर आदळलेली सँडल पाहिली असती, तर त्यानं तो नक्कीच तपासून पाहिला असता!

आरशातलं मूल

'मी करणार' असं म्हणायला आधी 'मी' म्हणजे कोण हे कळायला हवं. ते कधी कळतं? बेउला ॲमस्टरडॅम या अमेरिकन संशोधिकेनं १९७२ साली यासाठी एक साधी युक्ती वापरली. मुलाच्या नकळत त्याच्या नाकाला लाल रंग लावायचा आणि त्याला आरशासमोर आणायचं. लहान बाळं आरशातल्या 'दुसऱ्या बाळा'कडे पाहून हसतात, त्याला हात लावायला जातात. पण साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान बदल होतो. मुलाचा हात आरशाकडे न जाता स्वतःच्या नाकाकडे जातो. आरशातलं मूल म्हणजे आपणच, हे त्याला उमगलेलं असतं.

हा प्रयोग घरी सहज करता येतो. नाक पुसण्याच्या निमित्तानं शेंड्यावर थोडं कुंकू लावा आणि पाहा. पण त्यावरून मुलाला गुण देऊ नका. जगातल्या काही समाजांतली मुलं या वयानंतरही आरशासमोर नुसती स्तब्ध उभी राहतात, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यांना स्वतःची जाणीव नसते असा याचा अर्थ नव्हे. परीक्षेची पद्धतच सगळीकडे सारखी लागू पडत नाही, एवढंच.

तुझी आवड वेगळी, माझी वेगळी

याच सुमाराला मुलाला आणखी एक शोध लागतो. बेटी रेपाकोली आणि ॲलिसन गॉपनिक यांनी १९९७ साली तो एका गमतीदार प्रयोगातून दाखवला. मुलासमोर दोन वाट्या ठेवल्या. एकीत खारी बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. बहुतेक मुलांना अर्थातच बिस्किटं आवडत. मग प्रयोग करणाऱ्या बाईंनी बिस्किट खाऊन तोंड वाकडं केलं आणि ब्रोकोली खाऊन "वा!" केलं. नंतर मुलासमोर हात पसरून त्या म्हणाल्या, "मला थोडं दे." चौदा महिन्यांच्या मुलांनी त्यांना बिस्किटच दिलं. जे मला आवडतं ते सगळ्यांनाच आवडणार! अठरा महिन्यांच्या मुलांनी मात्र त्यांना ब्रोकोली दिली.

चार महिन्यांत केवढी ही मजल! दुसऱ्या माणसाची इच्छा माझ्याहून वेगळी असू शकते, हे मुलाला कळलं. पण हे कळलं की पुढचा प्रश्न आलाच. दोन इच्छांची टक्कर झाली तर काय होतं? मग मूल विजेच्या बटणाकडे हात नेतं, आणि नेताना बटणाकडे न पाहता आपल्या तोंडाकडे पाहतं. आपल्याला वाटतं ते मुद्दाम खोड काढतंय. मुद्दाम तर खरंच, पण त्यात खोडीपेक्षा तपासणी जास्त असते. आपला चेहरा हे त्याचं मोजमापाचं साधन असतं.

ब्रेक बसायचे आहेत

इच्छा आली, 'मी' आला, पण स्वतःला थांबवण्याची शक्ती अजून आलेली नसते. मॉस्कोचे मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लूरिया यांनी लहान मुलांवर याचे सुंदर प्रयोग केले. दीड-दोन वर्षांचं मूल काठीत कड्या ओवत असताना त्याला "आता काढ" असं सांगितलं, तर ते कड्या काढत नसे. उलट आणखी जोरानं ओवत राही. सूचना कानावर पडे, पण ती चालू असलेलं काम थांबवू शकत नसे. उलट त्याच कामाला जोर देई.

"पळू नको, पळू नको!" असं आपण ओरडतो आणि मूल अधिकच पळतं, हा अनुभव इथे आठवावा. एखादी कृती रोखणं, थांबून विचार करणं, दोन गोष्टी एकदम ध्यानात ठेवणं या कामांत कपाळामागच्या मेंदूच्या भागाचा वाटा मोठा असतो. मेंदूचा हा भाग सगळ्यांत सावकाश पक्व होतो. त्याची जडणघडण विशीपर्यंत चालू असते. दोन वर्षांच्या मुलाकडून आपण "जरा धीर धर" अशी अपेक्षा करतो, तेव्हा न बसवलेला ब्रेक दाबायला सांगत असतो. म्हणून "पळू नको" पेक्षा "माझा हात धर" ही सूचना अधिक उपयोगी पडते. थांबण्यापेक्षा दुसरं काहीतरी करणं मुलाला सोपं जातं.

भाषेचंही तसंच. या वयात मुलाला कळतं पुष्कळ, बोलता येतं थोडं. "पट्टा मला लावायचा होता, तुम्ही माझं काम हिरावून घेतलंत" हे सांगायला आमच्या मुलीकडे फक्त दोन शब्द होते. उरलेलं तिनं पायांनी सांगितलं.

थयथयाटाचा आलेख

आता तो गळ्यात पडण्याचा प्रसंग. मायकेल पोटेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या थयथयाटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पालकांनी क्रमवार सांगितलेल्या तपशिलांवरून त्यांनी त्याचा चक्क आलेख काढला. त्यांना त्यात दोन भावना मिसळलेल्या आढळल्या. किंचाळणं, लाथा मारणं, वस्तू फेकणं हा राग. तो झपाट्यानं चढतो, सुरुवातीलाच शिखर गाठतो आणि उतरू लागतो. दुसरी भावना दुःखाची. रडणं, मुसमुसणं, कुशी शोधणं ही तिची लक्षणं. ती पुढे पुढे वाढत जाते. सर्वांत जास्त आढळणारा थयथयाट अर्ध्या ते एका मिनिटाचा होता, आणि चारांपैकी तीन थयथयाट पाच मिनिटांच्या आतच संपले होते.

म्हणजे आमच्या धपाट्यामुळे मुलगी शांत झाली, हा समज खोटा होता. तिचा राग तसाही उतरणीला लागला होता, आणि ती तशीही कुशीत आलीच असती. आम्ही फक्त त्यात एका दुखण्याची भर घातली.

या आलेखातून काय करावं तेही कळतं. राग चढत असताना उपदेश व्यर्थ. मुलाला इजा होणार नाही एवढं पाहावं, जवळ राहावं, कमी बोलावं. जे नाकारलं ते रडण्याला भिऊन देऊ नये. जवळीक मात्र नाकारू नये. रडं मुसमुसण्यावर आलं की जवळ घ्यावं आणि त्याच्या मनातलं आपण शब्दांत मांडावं, "तुला स्वतःला लावायचा होता ना पट्टा?" तेच शब्द पुढे त्याच्या उपयोगी पडतात.

मारण्याबद्दल २०१६ साली एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी ७५ अभ्यास एकत्र करून तपासले. चापटीसारखा मारसुद्धा अधिक आक्रमकपणा आणि मानसिक त्रासाशी जोडलेला आढळला. संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे आम्ही विसरत नाही. हट्टी मुलांना मार जास्त बसतो, हेही शक्य आहे. पण मारानं वागणूक सुधारते, याला आधार मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. दोन वर्षांच्या मुलाला तेवढं संरक्षण घरच्यांनी आपणहून द्यायला नको का?

कौतुकाचे टप्पे

हट्टाइतकाच पालकांचा जीव खाणारा दुसरा प्रश्न म्हणजे तुलना. "शेजारचा दहाव्या महिन्यात चालला, आमचा अजून भिंत धरतोय." जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांच्या नोंदी घेऊन २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिने या काळात केव्हाही सुरू होतं. नऊ महिन्यांहून मोठा हा पट्टा आहे! शंभरातली चारएक मुलं तर हात आणि गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि तरीही चालली.

चालायला शिकणं म्हणजे पडणंही आलंच. कॅरन ॲडॉल्फ यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळ्या खेळात तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. वर्गात गणित चुकल्यावर आपण किती वेळा पुन्हा पडू देतो, हे ज्यानं त्यानं आपल्याशी ताडून पाहावं.

मायकेल लुईस आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली तीन वर्षांच्या मुलांना सोपी आणि अवघड कोडी दिली. सोपं कोडं सुटल्यापेक्षा अवघड सुटल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर अभिमान अधिक दिसला. तीन वर्षांच्या मुलालाही कष्टाचं यश ओळखता येतं. म्हणून आपण लावून दिलेल्या पट्ट्याचं त्याला काही वाटत नाही.

मात्र काही खुणा दुर्लक्षू नयेत. दीड वर्ष उलटूनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, हाकेला प्रतिसाद देत नसेल किंवा आलेली गोष्ट विसरत असेल, तर "होईल हळूहळू" म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, हे पालकांना जरूर सांगावं.

एक वही तुम्हीही ठेवा

डार्विनचं अनुकरण करून आम्हीही तीन आठवडे वही ठेवली. तारीख, वेळ, आधी काय घडलं, किती मिनिटं चाललं आणि कशानं संपलं, एवढे पाच रकाने. बालवाडीच्या ताईंना आणि पालकांना आमची हीच विनंती आहे. बहुधा भूक, झोप किंवा घाई यांपैकी काहीतरी त्या रकान्यांत पुन्हा पुन्हा भेटेल.

आमच्या वहीत निम्म्याहून जास्त थयथयाट सकाळी साडेसात ते सव्वाआठ या वेळातले निघाले. घाई आमची होती आणि हट्टाचा ठपका तिच्यावर येत होता. त्यानंतर आम्ही गजर पंधरा मिनिटं अलीकडे आणला. थयथयाट थांबले नाहीत, पण बरेच कमी झाले. पट्टा लावायला तिला कधी चार मिनिटं लागत, कधी नऊ. आम्ही दाराशी उभं राहून वाट पाहत असू.