संपादकाला मत देताना

आपल्या देवास गेटच्या मंडळात स्मरणिकेचा संपादक निवडतो, तसाच अमेरिकेतील पेट्रोलियम भूशास्त्रज्ञांच्या संघटनेतही संपादक सभासदांच्या मतांनी निवडला जातो. कोणता शोधनिबंध छापायचा, हे तो तज्ज्ञांकडून तपासून ठरवतो. इथे ढिलाई झाली तर काय होते? १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये साधार मांडले की, एका भारतीय प्राध्यापकाने हिमालयातील म्हणून दाखवलेले अनेक जीवाश्म परदेशातील असावेत. असे निबंध वीसेक वर्षे छापले जात होते! म्हणून उमेदवाराने मते मागतानाच सांगावे : नमुना कुठे सापडला, आता कुठे ठेवला आहे, हे मी विचारीन. बँकेत आम्हीही सही जुळल्याशिवाय चेक पास करीत नसू.