जनीच्या जात्यापासून गोट्यापर्यंत

जिंतूर, (खास प्रतिनिधी) - दिवाळी सरली की जिंतूर तालुक्यातील काही वाड्या-तांड्यांवर घराघरांत म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले एवढीच उरतात. कर्ती माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतात. या मुलांना अनाथ म्हणता येत नाही. पण वर्षातील पाच-सहा महिने त्यांचे आयुष्य अनाथांपेक्षा फारसे निराळे नसते. अशा मुलाच्या हाती शाळेच्या कपाटातून एखादे गोष्टीचे पुस्तक पडले आणि त्यात आई-बाप नसलेला, फाटक्या कपड्यांतला पण हार न मानणारा मुलगा भेटला, तर तो काय वाचत असेल? गोष्ट, की स्वतःचेच घर?

बालसाहित्यात पोरक्या नायकांची गर्दी आहे. डिकन्सचा ऑलिव्हर ट्विस्ट १८३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला. आल्प्सच्या डोंगरात आजोबांकडे वाढणारी हायडी १८८०-८१ मधली. १९९७ मध्ये आलेला आणि पुढे मराठीतही अवतरलेला हॅरी पॉटर मावशीच्या घरी जिन्याखालच्या खोपटात झोपतो. लेखकांना पोरका नायक का आवडतो, याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. घरी आई-वडील असतील तर ते मुलाला साहस करूच देणार नाहीत! त्यांना बाजूला सारले की निर्णय मुलालाच घ्यावे लागतात आणि गोष्ट चालू लागते. दुसरे कारण खोल आहे. आई-वडील गेले तर आपले काय होईल, ही भीती प्रत्येक मुलाच्या मनात असते. गोष्ट त्या भीतीला हात घालते आणि तिच्यातून बाहेरही काढते.

मराठी मुलांना मात्र हा नायक इंग्रजीतून उसना घ्यावा लागला नाही. आपल्याकडची सर्वांत जुनी गोष्ट आळंदीच्या चार भावंडांची. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. आई-वडिलांनी देहत्याग केलेला, गावाने ‘संन्याशाची पोरे’ म्हणून वाळीत टाकलेले, आणि शुद्धिपत्रासाठी ही लेकरे मराठवाड्यातील पैठणपर्यंत पायपीट करतात. पिढ्यान्‌पिढ्या आज्या ही कथा सांगत आल्या. तीत चमत्कार आहेत. पण लहान मुलाच्या लक्षात राहते ती खापर मिळू न दिल्याने मांडे भाजायचे कसे, या विवंचनेत बसलेली मुक्ताई. भिंत चालली त्यापेक्षा चूल पेटेना हे त्याला अधिक कळते.

दुसरी गोष्ट तर परभणी जिल्ह्याच्याच मातीतली. संत जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडच्या. परंपरेनुसार आईमागे पोरकी झालेल्या या मुलीला वडिलांनी पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या घरी ठेवले. तिथे तिने आयुष्यभर दासीपण केले. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या वेचणे. मुलांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत विठ्ठल येतो आणि जनीबरोबर जात्यावर बसतो. या प्रसंगाकडे एकदा नीट पाहावे. विठ्ठल जनीला राजवाडा देत नाही, तिचे दळणही संपवत नाही. तो जात्याचा खुंटा धरतो, एवढेच. एकटीने जाते ओढणे किती जड असते, हे ज्या बाईने ओढले आहे तिला ठाऊक असते. समोर दुसरे माणूस बसले की तेच जाते हलके फिरते. गरिबीत टिकून राहण्याविषयी यापेक्षा अचूक चित्र आपल्या बालकथांत क्वचितच आढळेल.

विसाव्या शतकात हा धागा छापील पुस्तकांत आला. ना. धों. ताम्हनकर (१८९३-१९६१) यांचा ‘गोट्या’ हा त्यातील सर्वांत लाडका. आई-बाप नसलेला हा हुशार, प्रामाणिक मुलगा एका मध्यमवर्गीय घरात येतो आणि त्या घराचाच होऊन जातो. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या दूरदर्शन मालिकेमुळे तो पुस्तक न वाचलेल्या घरांतही पोचला. गोट्या रडत बसत नाही, हे खरे. पण गोट्याचे दार कोणीतरी उघडले होते, हे तितकेच खरे. त्या काळच्या वाचकाला यात नवल वाटले नसावे. ‘वार लावून’ जेवणारी, माधुकरी मागून शिकणारी मुले पुण्या-साताऱ्यात घरोघर दिसत. १९०९ मध्ये पुण्यात ‘अनाथ विद्यार्थी गृह’ स्थापन झाले ते याच गरजेतून.

साने गुरुजींनीही ही वाट चोखाळली. ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले गेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. श्याम अनाथ नाही. पण दारिद्र्याने पिचलेल्या घरात आई जाते आणि तो तिच्या अखेरच्या भेटीलाही पोचू शकत नाही. ‘गोड गोष्टी’ मालिकेत गुरुजींनी जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून ‘मनूबाबा’ लिहिले. तिथे पोरक्या मुलीमुळे एका एकलकोंड्या विणकराचेच आयुष्य सावरते. आधार देणारा आणि घेणारा कोण, हे ठरवणे कठीण जावे, ही त्या कथेतील खरी गंमत. पुढे अरुण साधूंच्या ‘झिपऱ्या’ने मुंबईच्या रेल्वे फलाटांवरील बूटपॉलिशवाली पोरे आणली. ती गोट्यासारखी गोड नाहीत, त्यांच्यासाठी दारही उघडत नाही. ती एकमेकांनाच घर करतात.

इथे एक आक्षेप नोंदवला पाहिजे. आपल्या बालसाहित्यात जिद्दीचा उदोउदो करणारी, शाळेच्या बक्षीस समारंभात वाटण्याजोगी अनेक पुस्तके निघतात. नायक दिव्याखाली अभ्यास करतो, पहिला येतो, साहेब होतो. मधली वर्षे लेखक गाळून टाकतो. वहीचे पैसे कोणी दिले, ताप आला तेव्हा उशाशी कोण होते, याचा पत्ता नाही. अशी गोष्ट वाचून ऊसतोड कामगाराच्या मुलाला वाटते, की आपण मागे पडलो ते आपली जिद्द कमी पडली म्हणून. हा त्याच्यावर अन्याय आहे.

प्रत्यक्षात काय लागते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे १२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेले आणि वाघोलीत त्यांची सोय केली. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली. मुले गावातच, आजी-आजोबांपाशी राहतात आणि दोन वेळचे जेवण त्यांना तिथे मिळते. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिची दरमहा रक्कम २०२३ मध्ये ११०० वरून २२५० रुपये करण्यात आली. अनाथांना एक टक्का आरक्षण देण्याचा निर्णय २०१८ मधला. मात्र त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र हवे. ज्याला आडनाव आणि जात सांगणारे कोणी नाही, त्याला आपण कोणाचेच नाही हे कागदावर सिद्ध करावे लागते. यावर एखादी उत्तम कुमार कादंबरी लिहिता येईल. तहसील कचेरीच्या ओट्यावर बसलेला बारा वर्षांचा नायक मराठीत अजून यायचा आहे.

तोवर गावोगावच्या शिक्षकांनी एवढे करावे. कपाटाला कुलूप असेल तर ते काढावे. पुस्तके मळतील, एखादे हरवेलही. आणि हंगाम सुरू झाल्यावर, आई-बाप गावात नसलेल्या संध्याकाळी, गंगाखेडच्या जनीची गोष्ट मुलांना मोठ्याने वाचून दाखवावी. ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी आजी एकटीच असते, आणि घरचे पाणी त्यांनाच भरायचे असते.