औषधांची यादी आणि जनुकांची नोंद

पाच किंवा त्यांहून अधिक औषधे नियमितपणे घ्यावी लागणे, याला वैद्यकशास्त्रात सर्वसाधारणपणे ‘बहुऔषधोपचार’ म्हटले जाते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार उतारवयात अनेकदा एकाच देहात वस्तीला येतात आणि प्रत्येक विकाराचे औषध आपापल्या जागी योग्य असले, तरी ती सारी एकत्र आल्यावर काय घडेल, हे औषधांच्या परस्परसंबंधांइतकेच रुग्णाच्या जनुकांवरही अवलंबून असते.

बहुतेक औषधांवर यकृतातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, प्रक्रिया करतात. अँजिओप्लास्टीनंतर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे क्लोपिडोग्रेल मुळात निष्क्रिय असते आणि मुख्यत्वे ‘सीवायपी२सी१९’ हे विकर त्याला कार्यक्षम बनवते. या विकराच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील, तर गोळी वेळेवर घेऊनही पुरेसे संरक्षण मिळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१० मध्ये याविषयी चौकटीतला ठळक इशारा छापण्यास सांगितले. अशी सदोष प्रत युरोपीय लोकांपेक्षा दक्षिण आशियाई लोकांत अधिक आढळते, त्यामुळे हा प्रश्न भारतीय रुग्णांच्या विशेष जवळचा आहे. त्यातच आम्लपित्तासाठी घेतले जाणारे ओमेप्राझोल याच विकराला अडवते.

जनुक निर्दोष असूनही असा अडथळा येऊ शकतो. कोडीनचे वेदनाशामक मॉर्फिनमध्ये रूपांतर करणारे ‘सीवायपी२डी६’ हे विकर पॅरोक्सेटिन या नैराश्यावरील औषधामुळे मंदावते आणि वेदना पुरेशी शमत नाही. या घटनेला ‘फीनोकन्व्हर्जन’ म्हणतात. म्हणूनच जनुकीय अहवाल औषधांच्या संपूर्ण यादीसोबतच वाचावा लागतो.

अशा तपासणीचा लाभ मोजलाही गेला आहे. सात युरोपीय देशांतील ६,९४४ रुग्णांच्या, २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ जनुकांच्या तपासणीनुसार औषध किंवा मात्रा ठरवल्यावर दखलपात्र दुष्परिणामांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर होणाऱ्या या तपासणीतून कळलेली जनुकीय घडण जन्मभर तीच राहते, औषधांची यादी मात्र बदलत जाते. त्यामुळे अहवाल हाती आला म्हणून कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये. आयुर्वेदिक आणि दुकानातून थेट घेतलेल्या औषधांसह संपूर्ण यादी प्रत्येक वेळी डॉक्टरांसमोर ठेवावी.