चिलीतले ‘तुर्क’

पॅलेस्टिनींची पांगापांग १९४८पासून मोजण्याची आपल्याला सवय आहे. चिलीतला त्यांचा समाज मात्र त्याहून जुना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेथलेहेम, बैत जाला, बैत साहूर या गावांतले बहुतांशी ख्रिस्ती लोक तिथे जाऊ लागले. कागदपत्रे ऑटोमन, म्हणून नाव पडले ‘तुर्को’. फेरीवाल्यांचे दुकानदार झाले, काहींनी कापडाचे कारखाने काढले.

मग १९२५चा ब्रिटिश नागरिकत्व आदेश आला. त्यातल्या अटींमुळे परदेशी गेलेल्या अनेकांना पॅलेस्टिनी नागरिकत्व मिळालेच नाही. त्यांची परतीची वाट १९४८च्या तेवीस वर्षे आधी कागदावरच बंद झाली, हे मला महत्त्वाचे वाटते.

पुढच्या पिढ्यांची अरबी सुटली, स्पॅनिश आली. राहिली आडनावे, भरलेली द्राक्षाची पाने आणि १९२०मध्ये स्थापन झालेला ‘पॅलेस्टिनो’ फुटबॉल क्लब. २०१४मध्ये या क्लबने खेळाडूंच्या पाठीवरचा ‘१’ हा आकडा १९४८पूर्वीच्या पॅलेस्टाईनच्या नकाशाच्या आकारात छापला. चिलीतल्या ज्यू समाजाने आक्षेप घेतला, क्लबला दंड झाला. आजोबा-पणजोबांनी गाव सोडले तेव्हा तिथे ऑटोमन राज्य होते. नातवंडा-पणतवंडांनी आपला म्हटलेला नकाशा नंतरचा, ब्रिटिश अमदानीतला. वारशात प्रत्येक पिढी आपली भर घालते, ती अशी.